पथ्याचे कर्तव्य आणि दोषाचे ओझे



राखेच्या बुधवारी आपण सर्वांनी कपाळावर राख घेतली आणि उपवासकाळाला सुरुवात केली. आपण माती आहोत, याची आठवण चर्च आपल्याला दर वर्षी अशी करून देते. आपल्या धर्मग्रामात मात्र अशा काही भगिनी आहेत, की ज्यांना या आठवणीसाठी राखेची गरज उरलेली नाही. ठरलेल्या दिवशी त्या पहाटेच्या लोकलने मुंबईला जातात, तासन् तास खुर्चीत बसून शिरेतून केमोथेरपीचे औषध घेतात आणि रात्री घरी परततात. पुढचे काही दिवस त्यांना स्वतःचेच घर परके वाटते. स्वयंपाकघरातला फोडणीचा वास सोसत नाही, पाणी कडू लागते, डोक्यावरचे केस उशीवर राहतात.

याच महिन्यात ५ तारखेला आपण संत अगाथाचा स्मरणदिन पाळला. स्तनाच्या आजाराने पीडित स्त्रिया शतकानुशतके तिच्या मध्यस्थीसाठी प्रार्थना करीत आल्या आहेत. ११ तारखेला, लूर्ड्स मातेच्या दिवशी, जागतिक रुग्ण दिन झाला. म्हणून आजचे चिंतन या भगिनींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. बाकीच्यांनीही ते वाचावे, कारण शेवटी त्यात प्रत्येकासाठी काम आहे.

त्यांच्यापैकी एका भगिनीने आम्हाला एक प्रश्न विचारला. तो कबुलीच्या संस्कारात विचारलेला नाही, मिस्सा संपल्यावर ओट्यावर बसून विचारला आहे आणि नाव न घेता तो येथे मांडायला तिची परवानगी आहे. ती म्हणाली, "फादर, डॉक्टर सांगतात चाला, आहाराच्या बाई सांगतात खा. मला ना चालवत, ना घास गिळवत. देवाने दिलेले शरीर मी सांभाळत नाही. हे पाप तर नाही ना?" तिच्याबरोबर आलेल्या नातेवाईक बाईंनी लगेच पुस्ती जोडली, "तेच मी हिला सांगते फादर, आपल्या हाताने दुखणे वाढवून घेऊ नकोस."

त्या दोघींच्या बोलण्यात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न कर्तव्याचा: आजारी माणसाने पथ्य पाळणे, व्यायाम करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे काय? दुसरा प्रश्न दोषाचा: ते जमले नाही, किंवा आजार बळावला, तर दोष त्याच्यावर जातो काय? बहुतेक घरांत हे दोन प्रश्न एकच समजले जातात आणि तेथेच आजारी माणसाच्या पाठीवर दुसरे ओझे चढते. आपण ते वेगळे करून पाहू या.

आधी वैद्यकशास्त्र काय म्हणते ते समजून घेऊ. जुन्या काळी आजारी माणसाला एकच सल्ला असे: पडून राहा. कर्करोगाच्या बाबतीत हा सल्ला आता बदलला आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, बरे करण्याच्या हेतूने उपचार चालू असतानाही रुग्णाला नियमित चालण्यासारखा आणि स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवावा. त्यामुळे उपचारांचा त्रास कमी होतो. त्याआधी २०१९ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने त्याचे मापही सांगितले होते: आठवड्यातून ३ वेळा साधारण ३० मिनिटे मध्यम गतीने चालणे आणि २ वेळा वजनांचा किंवा तत्सम व्यायाम. थकवा घालवण्यासाठी चालायचे, हे ऐकायला उलटे वाटते. पण केमोथेरपीचा थकवा नांगरून आलेल्या माणसाच्या थकव्यासारखा नसतो. झोपून तो जात नाही. उलट पडून राहिल्याने स्नायू झिजतात आणि उठणे आणखी जड होते.

२००७ साली कॅनडात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या २४२ स्त्रिया त्यात होत्या. ज्यांनी वजनांचा व्यायाम केला त्यांची ताकद वाढली, स्वतःविषयीचा विश्वास वाढला आणि ठरलेले औषध ठरल्याप्रमाणे पूर्ण घेणे त्यांना अधिक जमले. एकूण जीवनमानात मात्र मोठा फरक दिसून आला नाही. दुसरा अभ्यास २००९ सालचा, अमेरिकेतला. शस्त्रक्रियेनंतर हाताला सूज येते म्हणून त्या हाताने काही उचलूच नये, असे स्त्रियांना सांगितले जाई. उपचार संपलेल्या आणि हात सुजलेल्या १४१ स्त्रियांच्या या अभ्यासात, देखरेखीखाली हळूहळू वजने उचलणाऱ्यांची सूज इतरांपेक्षा वाढली नाही.

आहाराविषयीही काही गैरसमज आहेत. कॅन्सर म्हणजे माणूस वाळत जाणार, असे आपण धरून चालतो. स्तनाच्या कर्करोगाच्या केमोथेरपीत पुष्कळ स्त्रियांचे वजन वाढते. हालचाल कमी होते, उलटीसाठी दिलेल्या स्टेरॉइडने भूक वाढते, पाळी लवकर जाते. चरबी वाढते आणि आत स्नायू मात्र घटतात. म्हणून शरीराला प्रथिने हवीत. युरोपातील पोषणतज्ज्ञ कर्करुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त आणि शक्य तर दीड ग्रॅमपर्यंत प्रथिने सुचवतात. म्हणजे ५५ किलोच्या बाईला किमान ५५ ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, वाटीभर घट्ट वरणात जवळपास तितकीच. उकडलेली अंडी, मुगाची खिचडी, नीट शिजलेले ताजे मासे, दही, भाजलेले शेंगदाणे, केळे. हे सारे आपल्या बाजारात मिळते. फळे-भाज्या अजिबात बंद करण्याची सरसकट गरज नाही. हात धुवावे, फळ धुऊन सोलावे, अन्न पूर्ण शिजवावे, दूध उकळावे. तोंड आले असेल तर तिखट-आंबट टाळून मऊ आणि कोमट खावे, तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा वेळा थोडे थोडे घ्यावे.

मात्र हे सारे डॉक्टरांना विचारूनच. काही औषधांचा हृदयावर परिणाम होतो, कुणाचा आजार हाडांत गेलेला असतो, कुणाचे रक्त फार कमी झालेले असते. त्यांचे माप वेगळे. आणि ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला, तर तो व्यायामाचा दिवस नव्हे आणि घरगुती काढ्याचाही नव्हे. अशा वेळी रात्र असली तरी तडक रुग्णालय गाठावे.

आता पहिला प्रश्न. पथ्य हे कर्तव्य आहे काय? चर्चची शिकवण म्हणते, होय. जीवन आणि आरोग्य या देवाने आपल्या हाती सोपवलेल्या मोलाच्या देणग्या आहेत आणि त्यांची वाजवी काळजी घेणे आपल्याकडे आले आहे. त्याच शिकवणीत लगेच पुढे शरीराची पूजा करू नका, असाही इशारा आहे. दोन्ही लक्षात ठेवावे.

पवित्र शास्त्रही या बाबतीत फार व्यवहारी आहे. एलिया संदेष्टा इजेबेल राणीच्या भीतीने रानात पळाला आणि एका झुडपाखाली पडून त्याने देवाकडे मरण मागितले. देवाने दूत पाठवला. त्या दूताने एलियाला त्याच्या अविश्वासाबद्दल बोल लावला नाही. त्याने त्याला स्पर्श करून उठवले आणि निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे समोर ठेवले. एलियाने खाल्ले आणि तो पुन्हा झोपला. दूत पुन्हा आला, पुन्हा खायला सांगितले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची होती. खाणे, झोपणे, पुन्हा खाणे आणि मग चालणे. केमोथेरपी घेणाऱ्या भगिनीला याहून चांगला दिनक्रम कोण सांगणार? याईराच्या मुलीला प्रभू येशूने मरणातून उठवले, तेव्हाही घरच्यांना त्याने पहिली आज्ञा दिली ती तिला काही खायला देण्याची. चमत्कारानंतरसुद्धा पेज लागते.

आपला 'पथ्य' हा शब्दही हेच सांगतो. पथ्य म्हणजे पथाला, वाटेला धरून असलेले. ज्याला वाट चालायची आहे त्याची शिदोरी म्हणजे पथ्य. ती शिक्षा नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण उपवासकाळ चालू आहे. चर्चचा उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल ठेवेपर्यंत लागू असतो, पण आजाऱ्यांना त्याचे बंधन नाही. केमोथेरपी घेणाऱ्या भगिनीने शुक्रवारी अंडे-मासे तर खावेतच, आणि डॉक्टरांनी मटणाचे सूप सांगितले असेल तर तेही घ्यावे. तिने उपवास करून देवाला संतोषवण्याची गरज नाही. तिचे जेवणे हीच तिची आज्ञाधारकता आहे. उलटी थांबवणारी गोळी न घेता त्रास सोसणे हेही अधिक पवित्र नव्हे. टाळता न येणारे दुःख प्रभूच्या क्रुसाशी जोडता येते, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ सालच्या आपल्या पत्रात फार सुंदर समजावले आहे; पण टाळता येणारे दुःख मुद्दाम ओढवून घ्यायला त्यांनी सांगितलेले नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात दुःखावरचे उपाय सांगताना अश्रू आणि मित्रांची सहानुभूती यांच्याबरोबर झोप व स्नान यांचाही उल्लेख केला आहे. एवढे मोठे धर्मपंडित, पण त्यांना ऊन पाण्याच्या अंघोळीचे महत्त्व कळत होते.

कर्तव्य मानले, की लगेच विचारावे लागते: किती? येथे सेमिनरीत शिकलेला ॲरिस्टॉटल आम्हाला आठवतो. सद्गुण हा दोन टोकांच्या मध्ये असतो, असे तो म्हणतो, पण हा मध्य सर्वांसाठी एकच नसतो. त्याने उदाहरणच खाण्याचे आणि व्यायामाचे दिले आहे. एखाद्याला दहा मापे अन्न जास्त होते आणि दोन मापे कमी पडते, म्हणून तालमीचा उस्ताद सर्वांच्या पानात सहा मापे वाढत नाही. मिलो या नामांकित मल्लाला ती कमी पडतील, नवशिक्याला जास्त होतील. आमच्या त्या भगिनीच्या बाबतीत हे माप दिवसागणिकही बदलते. सलाइननंतरच्या चौथ्या दिवशी पलंगापासून ओट्यापर्यंत जाऊन येणे हा तिचा पूर्ण व्यायाम आहे. पंधराव्या दिवशी कदाचित ती विहिरीपर्यंत, क्रुसापर्यंत जाऊन येईल. शेजारच्या गावातली कुणी बाई केमो घेत असताना रोज तासभर चालत होती, हे तिला ऐकवण्यात काही अर्थ नाही. तो मिलोचा आहार झाला.

आणखी एका धर्मगुरूंचे नाव येथे सांगितले पाहिजे. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया नावाचे डॉमिनिकन पंथीय गुरू शिकवीत असत. आजारी माणसावर जेवण्याचे बंधन आहे काय, हा प्रश्न त्यांनी जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी हाताळला. जगण्याची आशा असताना आजाऱ्याने अन्न घेतले पाहिजे, असे ते म्हणतात. पण मन इतके खचले असेल आणि अन्नावरची वासना इतकी उडाली असेल, की घास घेणे म्हणजे यातनाच, तर ते त्याला अशक्यच आहे असे धरावे आणि त्याला गंभीर पापाचा दोष देऊ नये. ते आणखी एक गोष्ट सांगतात. वैद्याने कोंबडीसारखे महागडे अन्न सांगितले आणि त्याने आयुष्य वाढणार असले, तरी ते घेण्याचे बंधन माणसावर नाही. साधे, सर्वजण खातात ते अन्न पुरे. पुढे १९५७ साली पोप पायस बारावे यांनी डॉक्टरांपुढे बोलताना हाच विचार मांडला: व्यक्ती, स्थळ, काळ पाहून जी साधने साधारण ठरतात आणि जी स्वतःवर किंवा दुसऱ्यावर अवजड ओझे लादत नाहीत, तेवढ्यांचेच बंधन असते.

म्हणजे ओट्यावर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चर्चकडे तयार होते. बाई गं, तुला घास गिळवत नाही, हे पाप नाही. जमेल तेव्हा दोन घास घेणे एवढेच तुझे कर्तव्य आणि न जमलेल्या दिवसाचा हिशेब देव मागत नाही. परदेशी फळे, डबाबंद महाग पावडरी आणता येत नाहीत म्हणून नवऱ्यानेही कमीपणा मानू नये. डॉक्टरांनी मुद्दाम लिहून दिले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी अंडे आणि डाळ पुरे.

आता दुसरा प्रश्न, दोषाचा. पथ्य उपयोगी आहे, असे म्हटले की काही जण लगेच उलटा हिशेब मांडतात: आजार बळावला, त्या अर्थी पथ्य पाळले नसणार. हा तर्क चुकीचा आहे. छत्री घेतल्याने माणूस कमी भिजतो, पण भिजलेला प्रत्येक माणूस छत्री विसरलेला नसतो. व्यायामाने थकवा कमी होतो, ताकद टिकते, उपचार सोसण्याला मदत होते, हे खरे. पण केमोथेरपीच्या काळातले चालणे आणि खाणे हा स्तनाच्या कर्करोगावरचा इलाज नाही. इलाज शस्त्रक्रिया, औषधे आणि किरणोपचार हे आहेत. संत पौल तीमथीला लिहितो, की शरीराच्या व्यायामाचा उपयोग थोडा आहे. कॅनडातल्या त्या अभ्यासाचा निष्कर्षही फार वेगळा नाही. थोडा उपयोग म्हणजे नगण्य नव्हे. पण त्या थोड्यावर कुणाच्या जीवन-मरणाचा न्याय तोलायचा नसतो.

हा हिशेब मांडायची सवय जुनी आहे. ईयोबाचे मित्र त्याला भेटायला आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. ती त्यांची सर्वांत चांगली सेवा. मग त्यांनी तोंड उघडले आणि तुझेच काहीतरी चुकले असणार, हे पटवण्यात बाकीचे पुस्तक खर्ची घातले. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही हाच प्रश्न विचारला: पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले. आपण मात्र त्या प्रश्नाला नवे कपडे घालून तोच विचारतो. आता आपण पाप म्हणत नाही, 'लाइफस्टाइल' म्हणतो. हिने बाहेरचे फार खाल्ले असेल. हिने टेन्शन फार घेतले. हिने मुलाला अंगावर पुरेसे पाजले नसेल. काही सवयींनी धोका थोडा वाढतो किंवा कमी होतो, हे शास्त्र सांगते. पण ते हजारो स्त्रियांच्या गणनेतून काढलेले असते. समोर बसलेल्या एका बाईला आजार का झाला, हे बहुतेक वेळा तिचे डॉक्टरही सांगू शकत नाहीत. मग मोबाइलवर आलेला निरोप वाचून आपण कसे सांगणार?

त्या निरोपांविषयीही बोलले पाहिजे. साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो म्हणून भात, केळे सगळे बंद करा. सात दिवस फक्त रस प्या. अमुक पाल्याचा काढा घ्या, केमोची गरजच नाही. शरीर भातापासून आणि डाळीपासूनही साखर बनवते. रुग्णाला उपाशी ठेवून गाठ उपाशी राहत नाही. गोडाचा अतिरेक टाळावा, एवढे ठीक. 'आमच्या झाडपाल्याने काही अपाय नाही' हेही खरे नव्हे. २०२१ साली मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले होते. केमोथेरपीची अनेक औषधे यकृतातूनच जातात. तेव्हा काढा घ्यायचा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. आणि बंधुभगिनींनो, असा निरोप पुढे पाठवण्यापूर्वी एक क्षण थांबा. तो वाचून कुणीतरी ताट बाजूला सारणार आहे.

ज्या भगिनीने सगळे केले, चालली, खाल्ले, औषध चुकवले नाही, आणि तरीही आजार परत आला, तिच्यासाठी आमच्याकडे कारण नाही. तिचे चालणे वाया गेले, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्या संध्याकाळी ती पायांवर उभी होती, मुलाच्या हाताला धरून क्रुसापर्यंत गेली होती. ते दिवस खरे होते. आणि पुढे आशा बरे होण्याची उरली नाही, अन्न नको झाले, तर घरच्यांनी तिच्या तोंडात घास कोंबू नये. तेव्हा ओठ ओले करणे आणि हात धरून बसणे हेच पथ्य.

आता शेवटचा मुद्दा, आपल्या सर्वांच्या कामाचा. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे संत पौल शिकवतो आणि आजारी माणसाला हे वाक्य पुष्कळदा ऐकवले जाते. पण आपल्या या मंदिराची साफसफाई कशी होते? दर आठवड्याला एकेका विभागाची पाळी असते. कुणी एकट्या माणसाला झाडू देऊन 'मंदिर तुझे आहे, तूच झाड' असे म्हणत नाही. मग आजारी बाईच्या बाबतीत आपण तसे का म्हणतो? चर्चचा कायदा अधिक समंजस आहे. पवित्र कम्युनियनआधी एक तास काही खाऊ नये, असा नियम आहे. वृद्धांना आणि आजाऱ्यांना त्यातून सूट आहे, आणि त्याच कलमात त्यांची सेवा करणाऱ्यांनाही सूट आहे. म्हणजे आजारपण हे एका माणसाचे नसते, ते त्याच्या भोवतालच्यांचेही असते, हे चर्चने कायद्यात लिहून ठेवले आहे.

आपल्या घरांत आई सर्वांना वाढून शेवटी जेवते. केमोथेरपी चालू असतानाही ती चुलीपाशी उभी असते आणि उरलेल्या भातावर भागवते. तिला 'प्रथिने खा' असे सांगून भागणार नाही; तिचे ताट आधी वाढले पाहिजे. फोडणीचा वास सोसत नसेल तर ती वासाच्या बाहेर बसेल आणि फोडणी नवऱ्याने किंवा मुलाने द्यावी. अंडे उकडायला कुणाची दीक्षा लागत नाही.

चालण्याचेही तसेच. अनेक भगिनींना पाय अडवत नाहीत, नजरा अडवतात. डोक्याला रुमाल बांधून गल्लीतून निघाले, की प्रत्येक दारात तोच प्रश्न: आता कसे आहे? किती राहिले? केस येतील ना परत? पाच मिनिटांच्या वाटेवर पाच वेळा आजार सांगावा लागतो. मग ती घरातच बसते आणि आपण म्हणतो, ही चालत नाही.

म्हणून या उपवासकाळात आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, चर्चचे आवार रोज संध्याकाळी चालण्यासाठी उघडे राहील आणि बाके सावलीत ठेवली जातील. जी भगिनी तेथे चालत असेल तिला हसून 'येशूला जय' म्हणावे, चौकशी करू नये. ती थांबून बोलली तर ऐकावे. दुसरी, प्रत्येक विभागाने आपल्या समूहातील आजारी कुटुंबाला सलाइननंतरच्या चार दिवसांत पाळीने डबा द्यावा. काय चालते, काय नाही, ते आधी विचारून घ्यावे. उपवासाने वाचलेला तुमचा घास अशा डब्यात गेला, तर तो उपवास देवाला अधिक आवडेल. तिसरी, रुग्णालयात जाताना सोबत द्यावी. लोकलच्या अपंगांच्या डब्यात कर्करुग्णांनाही बसता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सोबतीने निदान फाइल आणि पाण्याची बाटली धरावी.

रुग्णाभ्यंग हा मरणाऱ्यांचाच संस्कार आहे, हा समज सोडावा. गंभीर आजारात उपचार सुरू होतानाच आम्हाला बोलवावे. तोंड आल्यामुळे होस्तिया गिळवत नसेल तर अगदी लहान तुकडा देता येतो. तोही जमत नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात पवित्र कम्युनियन देण्याची मुभा आहे. संकोच न करता सांगावे, आम्ही घरी येऊ.

एलियाला उठवणारा दूत दोनदा आला. पहिल्या भाकरीने तो उठून चालू लागला नाही, तो पुन्हा झोपला. आणि दूत त्याच्यावर चिडला नाही. आपल्या घरातल्या, शेजारातल्या आजारी भगिनीकडे आपणही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ताट घेऊन जाऊ या, आणि परत आलेल्या ताटाबद्दल तिला जाब विचारू नये. प्रभू येशू तुम्हा सर्वांना, विशेषतः आजाऱ्यांना आणि त्यांच्या उशाशी जागणाऱ्यांना, आपली शांती देवो.

आपल्या सेवेत,
तुमचे धर्मगुरू